पहिली शी कधी झाली, ते कार्डावर लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की आपल्या अंकात कुपोषणाच्या बातम्या येतात. त्या बातम्यांमधले आकडे कुठून येतात ते मला माहीत आहे, कारण १९९१ ते २०२३ अशी ३२ वर्षं मी ते स्वतःच्या हातानं भरले. मी माळशिरस तालुक्यात अंगणवाडी सेविका होते. झोळीत बाळ ठेवायचं, काट्यावरचा आकडा वाचायचा, दंडाला पट्टी लावायची, रजिस्टरात नोंद करायची. दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला की 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित.

मे २०१९ मध्ये त्याच रजिस्टरात मी एका १० महिन्यांच्या मुलासमोर 'सॅम' लिहिलं. वजन ५ किलो ९०० ग्रॅम, दंडघेर ११.२. तो माझा सख्खा नातू होता, आणि तो उपाशी नव्हता. घरात दोन म्हशी, सूनबाईला दूध भरपूर, नाचणीचं सत्त्व, मऊ भात, तूप, कशाची कमी नव्हती. तरी हातपाय काड्या आणि पोट नगाऱ्यासारखं. आकडा लिहिताना माझा हात थांबला नाही, हे मला आज जास्त टोचतं. 'सॅम' लिहिलं की पुढं काय करायचं ते ठरलेलं असतं: जास्त खाऊ घालायचं. हे लेकरू असं का झालं, हा प्रश्न त्या एका शब्दाखाली दबून जातो.

सुरुवातीपासून सांगते. नातू जन्मला जुलै २०१८ मध्ये. माउलींची पालखी तालुक्यात आली होती, रस्ते वारकऱ्यांनी भरलेले. जवळच्याच एका प्रसूतिगृहात नॉर्मल बाळंतपण झालं, वजन २ किलो ८००. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुट्टी मागून घेतली, उशीर केला तर रस्ता मिळायचा नाही म्हणून. बाळंतिणीला आणि बाळाला किमान ४८ तास दवाखान्यात ठेवायचं, हे मीच गावभर सांगत फिरायचे. घरच्या बाळंतपणात ते मला आठवलं नाही. बाळाला तोवर शी झाली नव्हती. दवाखान्यात कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, बाळ दूध ओढेना. माझ्या सासूबाईंनी शिकवलेला उपाय मी केला. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून शीच्या जागी हलकेच आत सरकवला. देठ बाहेर काढला तशी डांबरासारखी काळी शी आणि वारा एकदम पिचकारीसारखा सुटला. पोट खाली बसलं. बाळ दूध प्यायला लागलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. दुपारी आशाताई आल्या. जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी यायचं असतं. त्यांनी विचारलं, "शी झाली का?" मी म्हटलं, "झाली." माता-बाल संरक्षण कार्डावर त्यांनी बरोबरची खूण केली. ते कार्ड आजही आमच्या फायलीत आहे. खूण खोटी नाही. पण किती तासांनी झाली, आपोआप झाली की करवून घेतली, हे त्या खुणेत कुठं मावणार?

मला हे आता कळतं, की त्या दिवशी त्याच्या आतड्याच्या जन्मजात रोगाचं निदान माझ्या हातात आलं होतं. पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी बहुतेकांना पहिली काळी शी २४ तासांत होते, आणि ४८ तासांत जवळजवळ सगळ्यांना. त्यापुढं गेलं की तपासायला हवं. काहीतरी आत सारल्याबरोबर वारा आणि शी जोरात सुटणं, ही या आजाराची ओळखीची खूण आहे. डॉक्टर हातमोजा घालून बोटानं तपासतात तेव्हा हेच घडतं. मी देठानं ते घडवून आणलं आणि बाळ बरं झालं असं समजले.

पुढचे दहा महिने तो देठ, नंतर साबणाची वात, नंतर मेडिकलमधली गोळी, यांवरच गेले. चार दिवस, सहा दिवस शी नाही. पोटावर हिंग लावला, डिकेमाली चोळली, गुटीत मुरडशेंग उगाळून दिली. दोन दवाखाने झाले. "अंगावर पिणाऱ्या बाळाला आठ दिवस शी नाही झाली तरी चालतं," असं सांगितलं गेलं. हे खरं आहे, संपादक साहेब, आणि म्हणूनच ते घात करतं. महिना-दीड महिन्याचं, अंगावर पिणारं, वजन वाढणारं, पोट मऊ असलेलं बाळ पाच-सात दिवस शी न करता खुशाल राहू शकतं. पण ज्याचं पोट टणक आहे, वजन अडलंय आणि जन्मल्यापासूनच आपोआप शी होत नाही, ते बाळ वेगळं. दोघांना एकच उत्तर मिळालं.

सहाव्या महिन्यात उष्टावण झालं आणि वरचं अन्न सुरू झाल्यावर जास्तच अडायला लागलं. तपासणीच्या गाडीतले डॉक्टर अंगणवाडीत आले, त्यांनी वजन पाहिलं, "आहार वाढवा" म्हणाले. शेजारच्या बायका म्हणाल्या, जंत असतील, वर्षाचा झाला की जंताचं औषध द्या. पाहुण्यांपैकी कुणी सूनबाईला विचारलं, पोटुशी असताना काय खाल्लं होतंस? ती पोर रात्री भिंतीकडं तोंड करून रडायची. मी तिच्या बाजूनं जेवढं बोलायला हवं होतं तेवढं बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, हिच्याच दुधात काही असेल.

जून २०१९. ऊन तापलेलं, पाऊस नाही. पोराला ताप आला आणि कधी न होणारी शी एकदम सुरू झाली, पातळ, हिरवट, नाक धरायला लावणारा वास. आम्हाला आधी बरंच वाटलं, मोकळं झालं म्हणून! एका दवाखान्यात जुलाब म्हणून ओआरएस आणि झिंक दिलं. दुसऱ्या दिवशी पोट इतकं ताणलं की कातडी चकाकायला लागली, निळ्या शिरा दिसायला लागल्या, आणि उलटी हिरवी झाली. पोरगं डोळे उघडेना. सोलापूरच्या एका दवाखान्यात रात्री नेलं. तिथं ड्युटीवर एक तरुण बालरोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी पोटाला हात लावला, पाठीमागं तपासलं, आणि सुनेकडं वळून विचारलं, "जन्मल्यावर पहिली शी कधी झाली होती?"

११ महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला. सून माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "तिसऱ्या दिवशी, मॅडम. मीच करवली." त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आजी, हा जुलाब नाही. याला पुण्याला हलवायला लागेल, पण आधी पोट धुऊन घेऊ." कोमट सलाईननं, मऊ नळीनं, थोडं थोडं आत सोडून बाहेर काढत त्यांनी मध्यरात्रीपर्यंत आतडं धुतलं. शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. पहाटे पोट खाली आलं आणि मग अँब्युलन्स निघाली.

या आजाराचं नाव हर्शस्प्रंग. दर ५००० जन्मांमागे साधारण एका बाळाला होतो, मुलींपेक्षा मुलांना चौपट. पुण्यातल्या सर्जन डॉक्टरांनी मला तो समजावून सांगितला, कारण मी त्यांना सोडतच नव्हते. म्हणाले, "आजी, तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, माळशिरसकडची. "मग सोपं आहे. आतड्याच्या भिंतीत बारीक मज्जापेशी असतात, त्याच आतड्याला पुढं ढकल म्हणून सांगतात. गर्भात पाचव्या आठवड्यापासून त्या वरून खाली चालत येतात, बाराव्या आठवड्यापर्यंत शेवटच्या टोकाला पोचतात. आळंदीहून पंढरपूरला दिंडी जाते ना, तशी. याची दिंडी वाखरीला थांबली, पंढरपूरला पोचलीच नाही. शेवटचा टप्पा तेवढा रिकामा राहिला. तिथं शी येऊन अडते, कारण पुढं सरक म्हणून सांगणारंच कुणी नाही." मी त्यांना विचारलं, "यात आईचं काही चुकतं का?" ते म्हणाले, "काही नाही. खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा, कशाचा संबंध नाही." मी सुनेला हाक मारली आणि ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं, तिच्यासमोर.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. १८८६ साली कोपनहेगनच्या डॉ. हॅराल्ड हर्शस्प्रंग यांनी बर्लिनच्या सभेत अशा दोन बाळांची हकीकत मांडली. दोन्ही दगावलेली. त्यांनी पाहिलं ते फुगलेलं, जाड झालेलं मोठं आतडं, आणि दोष त्यातच आहे असं धरलं. प्रत्यक्षात फुगलेला भाग चांगला असतो. दोष त्याच्या खालच्या, डोळ्यांना साध्या दिसणाऱ्या अरुंद भागात असतो. १९४८ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांनी तो अरुंद भाग काढून वरचं चांगलं आतडं खाली ओढून जोडलं, तेव्हा कुठं मुलं खऱ्या अर्थानं बरी व्हायला लागली. म्हणजे जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही फुगलेल्यावरून नजर काढायला ६२ वर्षं लागली. आम्हीही ११ महिने त्या पोटाकडंच बघत होतो.

तपासण्या दोन. एक, शीच्या जागेतून औषध सोडून काढलेला एक्स-रे. त्यात खाली बारीक नळी आणि वर एकदम फुगा दिसतो, आम्हालासुद्धा दिसला. दुसरी बायोप्सी, म्हणजे आतून चिमूटभर तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी आहेत का बघायचं. पक्कं निदान बायोप्सीचंच. आमचा रिपोर्ट सहाव्या दिवशी आला. पेशी नव्हत्या.

लवकर कळलं असतं तर काही बाळांचं एकाच ऑपरेशनमध्ये, खालूनच, पोटावर मोठा काप न घेता भागतं. आमच्या नातवाचं आतडं इतकं ताणलं गेलं होतं आणि जंतुसंसर्ग इतका झाला होता, की तीन टप्पे करावे लागले. आधी पोटावर शीची वाट काढली, कोलोस्टॉमी. जानेवारी २०२० मध्ये खालचा रिकामा भाग काढून वरचं आतडं ओढून जोडलं. त्या ऑपरेशनच्या मध्येच तुकडे तपासायला पाठवतात, पेशी सापडल्या असं उत्तर आलं की तिथून कापतात. आम्ही बाहेर सात तास बसलो होतो. तिसरं, पोटावरची वाट बंद करायचं, मार्चअखेरीला ठरलं होतं, आणि लॉकडाऊन लागलं. ते झालं नोव्हेंबर २०२० मध्ये.

ते मधले महिने मी कुणाला नीट सांगितलेले नाहीत. केशरी रेशनकार्डावर ऑपरेशनं महात्मा फुले योजनेत बसली, त्याबद्दल मी सरकारची मनापासून ऋणी आहे. पण पोटाला लावायच्या पिशव्या आम्हाला विकतच घ्याव्या लागल्या. एक पिशवी अडीचशेच्या आसपास, आणि आमच्याकडच्या उन्हात घामानं दोन दिवसही चिकटून राहायची नाही. लॉकडाऊनमध्ये तर पिशवीच मिळेना. सूनबाईनं जुन्या मऊ सुती साड्यांचे चौकोन कापले, भोवतीच्या कातडीला झिंकचं मलम लावून ती ते चौकोन पट्ट्यानं बांधायची, दिवसातून दहा-बारा वेळा. धुऊन उन्हात वाळवायची. त्या वर्षी पालखीही चालत आली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आमच्या अंगणात मात्र रोज ते पांढरे चौकोन दोरीवर असायचे. मी तिला म्हटलं, "पोरी, मला माफ कर." ती म्हणाली, "आत्या, तुम्ही देठ घातला म्हणून तो तिसऱ्या दिवशी वाचला तरी." मला ते पटत नाही, पण ती तसं म्हणाली.

त्याच पुण्याच्या वॉर्डात आमच्या शेजारी लातूरकडची एक मुलगी होती, कडेवर जवळजवळ चार महिन्यांचं बाळ. डोळे हळदीसारखे पिवळे. तिला सांगितलं गेलं होतं, बाळाला कोवळ्या उन्हात धरा, कावीळ जाईल. तिनं रोज धरलं. त्या बाळाची शी जन्मानंतर काही दिवसांतच पांढरट, खडू कालवल्यासारखी झाली होती. ही पित्तनलिका बंद असल्याची खूण. जपानच्या डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये यावरचं ऑपरेशन मांडलं. ते बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत केलं तर गुण येण्याची शक्यता जास्त, नंतर यकृतच निकामी होत जातं, यकृत बदलण्याखेरीज इलाज उरत नाही. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक बाळंतिणीला शीच्या रंगांची चित्रं असलेलं कार्ड देतात. आई घरी बसून रंग ताडून बघते, फिका दिसला की कळवते. रंगीत छापलेला एक कागद, बस. लातूरच्या त्या मुलीजवळ तो असता तर? ती मला विचारत होती, "मावशी, पांढरी शी वाईट असते हे मला कुणी सांगितलंच नाही हो." काय उत्तर देणार होते मी? ३२ वर्षांत मीही कुठल्या आईला ते सांगितलं नव्हतं.

आता माझं मागणं. मोठा दवाखाना बांधा असं मी म्हणत नाही. कार्डावर 'शी झाली' पुढं नुसती खूण नको. तास लिहा. जन्मानंतर किती तासांनी, आणि आपोआप की करवून. दवाखान्यातून सुट्टी देताना तो आकडा भरलेला असावा. २४ तासांत झाली नसेल तर बाळावर लक्ष ठेवा, ४८ तासांत झाली नाही तर सुट्टी देऊ नका, मोठ्या दवाखान्यात पाठवा. कमी दिवसांच्या बाळाला उशीर होऊ शकतो, ते डॉक्टर ठरवतील. आणि हा आजार असून वेळेत शी झालेलीही काही बाळं असतात, म्हणून तिसऱ्या आणि सातव्या दिवशीच्या भेटीत आशाताईंनी पोट बघावं, आणि शीचा रंग विचारावा. नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे त्याच दिवशी सर्जनकडं, दुसरा विचार नाही.

आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण एक तास लिहायला किती वेळ लागतो? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं वाचवून दाखवली, १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं, आणि पुढं देशभर आशांच्या घरभेटी त्याच वाटेनं सुरू झाल्या. गावातली बाई नीट शिकवलं तर नीट बघते.

मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या प्रशिक्षणात जन्मजात व्यंगांची यादी मी पाठ केली होती, नऊ होती: दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडे पाय, हृदयाचे दोष, मोतीबिंदू, बहिरेपण, पाठीच्या कण्याचे दोष, डाऊन सिंड्रोम, खुब्याच्या सांध्याचे दोष, कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याचे दोष. त्यात आतड्याचं एकही नव्हतं. फाटलेला ओठ सगळ्यांना दिसतो, आणि वाकडा पाय बघितला की आजीही डॉक्टरकडं नेते. आतडं कुणाला दिसत नाही, म्हणून तर यादीत आधी तेच हवं होतं. राज्यात वर्षाला १८-१९ लाख बाळं जन्मतात. ५००० मागे एक धरलं तर साडेतीनशेच्या वर बाळं, दर वर्षी. त्यातली किती 'सॅम' म्हणून रजिस्टरात बसली असतील?

मला एक पोरगा आठवतो. आमचा भाग उसाचा, गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. २००० च्या आगेमागे एका टोळीत साडेतीन वर्षांचा मुलगा होता. पोट पुढं, मान बारीक. त्याची आई म्हणाली होती, "ताई, याला आठ-दहा दिवसांनी एकदा होतं, आन् मग दगडासारखं." मी त्याच्या नावापुढं 'जंत' लिहिलं, सुकडीचं पाकीट दिलं. मार्चमध्ये टोळी गेली. पुढच्या हंगामात ती बाई आली नाही. त्याला काय होतं ते मला माहीत नाही, साधं बद्धकोष्ठही असेल. पण मी तिला विचारलं नाही, जन्मल्यावर पहिली शी कधी झाली होती. एवढं वाक्य मला तेव्हा येत नव्हतं.

घरच्या उपायांबद्दल एक विनंती वाचणाऱ्या आज्यांना. गुटी, शेक, तेल याबद्दल मी काही म्हणत नाही, माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं. पण मेळघाटात फुगलेल्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात, अशा बातम्या तुमच्याच अंकात वाचल्या आहेत. ती माणसं दुष्ट नाहीत. फुगलेलं पोट बघून आई-आजीचा जीव जातो, आणि जवळ जे आहे ते ती करते. माझ्याजवळ देठ होता. ज्या बाळाला जन्मापासून दर वेळी देठ, वात किंवा गोळी लागते, त्याला देठ पुरे, आता डॉक्टर. आणि घरी साध्या पाण्याचा किंवा साबणाच्या पाण्याचा एनिमा कधीही देऊ नका. अशा फुगलेल्या आतड्यात साधं पाणी शोषलं जातं आणि बाळ दगावू शकतं. धुवायचं ते सलाईननं, आणि डॉक्टरांनी शिकवल्यावरच. आम्हाला शिकवलं आहे. ऑपरेशननंतरही पोट फुगणं, ताप, घाण वासाचे जुलाब असं पुन्हा होऊ शकतं. आमच्याकडं दोनदा झालं, दोन्ही वेळा आम्ही तासाभरात ओळखलं.

नातू आता सात वर्षांचा आहे, दुसरीत. वजन १९ किलो, मी अजून महिन्याला करते. कधी कधी त्याला कळायच्या आत चड्डी खराब होते, म्हणून दप्तरात एक जोड असतो. वर्गातल्या बाईंना तेवढं ठाऊक आहे आणि त्या त्याला न विचारता बाहेर जाऊ देतात. हळूहळू सुधारेल असं डॉक्टर म्हणतात. भूक मात्र अशी, की भाकरी थापता थापता मी दमते.

२०२२ मध्ये सूनबाईला मुलगी झाली. भावंडात हा आजार येण्याची शक्यता थोडी जास्त असते, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. या वेळी आम्ही तीन दिवस दवाखान्यातून हललो नाही. त्या महिन्याचं कालनिर्णयचं पान आम्ही फाडून फायलीत ठेवलंय. त्यावर सुनेच्या अक्षरात दोन ओळी आहेत: रात्री ९.१०, मुलगी. सकाळी ६.२०, शी झाली, आपोआप.

माझं नाव छापू नये ही विनंती. लाज वाटते म्हणून नाही. नातू आता पेपरातली मोठी अक्षरं वाचतो. पोटावरच्या व्रणाची गोष्ट कुणाला सांगायची आणि कधी, ते त्याचं त्यानं ठरवावं. तालुका छापलात तरी हरकत नाही. आमच्या भागातल्या कुणा आईनं हे वाचलं आणि तिच्या बाळाला जन्मून आज दोन दिवस झाले तरी शी झाली नसेल, तर तिनं पत्र पूर्ण करायला थांबू नये.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. माळशिरस, जि. सोलापूर